उत्तर देण्याची भाषा : परस्परसंवादी माध्यमे आणि मराठी

(हैदराबाद येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'कला, विज्ञान आणि मनोरंजन यांतील परस्परसंवादी माध्यमांचा विस्तार' असा ठेवला आहे. विषय मोठा आहे, आणि मी तंत्रज्ञ नाही. मराठी साहित्य शिकवण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून यंत्राच्या पोटात काय चालते याविषयी मी अगदी कामापुरते बोलेन. माझा प्रश्न भाषेचा आहे. जी माध्यमे आपल्याकडून उत्तराची अपेक्षा करतात, त्यांना आपली मुले कोणत्या भाषेत उत्तर देणार आहेत?

आधी शब्द पाहू. 'इंटरॅक्टिव्ह' या शब्दासाठी आपल्याकडे 'आंतरक्रियात्मक' आणि 'परस्परसंवादी' असे दोन प्रतिशब्द फिरत असतात. पहिला प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटतो आणि दुसरा उच्चारताना धाप लागते. मला नुसता 'संवादी' हा शब्द आवडतो, कारण तो संगीतात आधीपासून आहे. वादी स्वराच्या खालोखाल महत्त्व संवादी स्वराला. तो वादीची नक्कल करीत नाही. आपल्या जागी राहून त्याला जोड देतो. मात्र सभागृहात गोंधळ नको म्हणून आज 'परस्परसंवादी' हाच रूढ शब्द वापरतो.

या शब्दाचा अर्थ समजावून घ्यायला हैदराबादकरांना लांब जाण्याची गरज नाही. गोवळकोंडा किल्ल्यात दोन गोष्टी पाहायला मिळतात. एक म्हणजे संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. निवेदकाचा आवाज, भिंतींवर पडणारे रंग, कुतुबशाहीचा इतिहास. आपण खुर्चीवर बसतो, पाहतो आणि उठून येतो. आपण गेलो नसतो तरी कार्यक्रम तसाच झाला असता. दुसरी गोष्ट म्हणजे फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी. ती सुमारे एक किलोमीटर दूर, वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. तिथे तुम्ही टाळी वाजवली नाही तर काहीच घडत नाही. वरच्या माणसाने ती ऐकून उलट खूण केली की संवाद पुरा होतो. पहिल्या प्रकारात आपण प्रेक्षक असतो, दुसऱ्यात सहभागी. सगळ्या परस्परसंवादी माध्यमांचे बीज या दुसऱ्या प्रकारात आहे.

पण नुसते बटण दाबता आले म्हणजे संवाद झाला, असे मी मानत नाही. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमाट' नावाचा चित्रपट दाखवला जात असे. चित्रपट मध्येच थांबे, सूत्रधार मंचावर येई, आणि नायकाने पुढे काय करावे यावर प्रेक्षक खुर्चीला लावलेली बटणे दाबून मत देत. लोकांना फार मजा आली. गंमत अशी की कथा रचतानाच अशी सोय केली होती की कोणताही पर्याय निवडला तरी गोष्ट फिरून एकाच वाटेवर यावी. दिग्दर्शक रादुझ चिन्चेरा यांचा त्यात उपरोध होता. मत देणे आणि सत्ता असणे यांतले अंतर त्यांना दाखवायचे होते. आज आपल्या हातातल्या फोनवर निवडीची जी असंख्य बटणे येतात, त्यांतली बरीचशी किनोऑटोमाटच्या जातीची आहेत, फक्त त्यांत उपरोध नाही. म्हणून मी तीन कसोट्या लावतो. माध्यमाला माझे ऐकू येते का? माझ्या उत्तराने पुढचे काही बदलते का? आणि त्या बदलाची थोडी जबाबदारी माझ्यावर येते का?

या कसोट्या घेऊन आपल्या परंपरेकडे पाहिले तर आपण अगदीच नवखे नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक लावणीतून एका पक्षाने कूट घालायचे आणि दुसऱ्याने ते तिथल्या तिथे सोडवून उलट कूट घालायचे, अशी रीत होती. उत्तर आले नाही तर फड हरला. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्या गर्दीचा रंग पाहून बोलणे बदलतो. मोक्षपट हा खेळ घ्या. साप आणि शिड्या, पण घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे. परंपरा या खेळाशी ज्ञानदेवांचे नाव जोडते. ती श्रद्धेची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू. पश्चिम भारतात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असे पट खेळले जात होते, आणि या ज्ञानखेळांवर जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. खेळता खेळता घरांची नावे वाचली जात, आणि आपण 'अहंकारा'वरून घसरलो हे मुलाला आपल्या सोंगटीवरून कळे. मात्र 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून समाधान मानणे हा आपला जुना आळस आहे. होते, हे खरे. ते आज आपण कशात उतरवले, हे विचारायला हवे.

विज्ञानाच्या क्षेत्रात हा बदल आधी आला. १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केले आणि 'हात लावू नये' ही संग्रहालयातली पाटी उलटवली. वस्तूला हात लावा, फिरवा, काय होते ते पाहा. आपल्याकडे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान १९७९ मध्ये खुले झाले आणि १९८५ मध्ये मुख्य केंद्र. त्याच १९८५ साली इथे नौबत पहाडावर बिर्ला तारांगण सुरू झाले. पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, रबरी नळ्या, जुन्या बाटल्या यांतून खेळणी करून विज्ञान शिकवले, आणि ती कशी करायची हे दाखवणाऱ्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत मोफत ठेवल्या.

पण मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते एक साधे पोस्टकार्ड. जयंत नारळीकरांकडे सही मागायला आलेल्या मुलांना ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीसह उत्तर पाठवीन, असे ते सांगत. आणि ते उत्तर पाठवत. माझ्या तिन्ही कसोट्या इथे पूर्ण होतात. मुलाचे ऐकले गेले, उत्तर त्याच्याच प्रश्नाला धरून आले, आणि प्रश्न काय विचारायचा याची जबाबदारी मुलावर आली. पंधरा पैशांचे असो की पन्नास पैशांचे, पोस्टकार्ड मराठीतून लिहिता येई आणि मराठीतून उत्तर येऊ शके. आकाशगंगेविषयीचा प्रश्न आपल्या भाषेत विचारता येतो, हे त्या मुलाला न सांगता कळे.

ज्ञानाच्या व्यवहारातही असेच घडले. १९३१ साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड मराठी वाचकाच्या हाती दिले. वाचकाने ते वाचायचे होते. २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे, आणि तिथे वाचकाने चूक दिसली तर दुरुस्त करायची असते. केतकरांचा वाचक आता सहलेखक झाला आहे. मात्र दुरुस्त करणारे मराठी हात किती, हे त्या त्या पानाच्या इतिहासात कोणालाही पाहता येते. आपल्या गावाचे पान उघडून एकदा पाहा.

आता मनोरंजन. हैदराबादेत आज या व्यवसायाचे मोठे जाळे आहे. 'छोटा भीम' इथल्याच ग्रीन गोल्ड स्टुडिओत जन्मला आणि २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. तेलंगण सरकारने २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. देशभरातल्या खेळ-निर्मात्यांची परिषद या शहरात अनेकदा भरली आहे. नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत खेळला गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने त्याच वर्षी 'राजी' हा खेळ आणला. भावाला सोडवायला असुरांशी लढणारी एक मुलगी, मागे राजस्थानी वास्तू, मध्ये पुराणकथा. जगभर त्याची दखल घेतली गेली. पुण्यात घडलेली ही मुलगी पहिल्यांदा जगासमोर आली ती इंग्रजीत. निर्मात्यांना मी दोष देत नाही. बाजार मोठा हवा असतो. पण मराठी मुलखात कारागीर आहेत, कथा आहेत, आणि तरी मराठी ही खेळाची भाषा होत नाही, एवढे त्यावरून दिसते.

यात एवढे काळजीचे काय, असे कोणी विचारील. चित्रपट आणि मालिकाही परभाषेतल्या पाहतोच की आपण. इथेच मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक गोष्ट सर्रास घडते. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत, हिंदीत किंवा तेलुगूत उत्तर देते. आजी मराठीत गोष्ट सांगते, नातू ती पूर्ण समजतो, आणि 'ओके' म्हणतो. मराठी त्याच्या कानात असते, जिभेवर येत नाही. मी अशा मराठीला 'ऐकण्याची मराठी' म्हणतो. रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी या माध्यमांना ही मराठी पुरत होती, कारण त्यांना उत्तर नकोच होते. परस्परसंवादी माध्यम मात्र पावलोपावली विचारते: आता काय करायचे? कोणती वाट? तुझे नाव काय? का? मूल दिवसातून शेकडो वेळा या प्रश्नांना उत्तर देते. ज्या भाषेत ते उत्तर देते, त्या भाषेत ते ठरवायला शिकते, वाद घालायला शिकते, चुकून पुन्हा प्रयत्न करायला शिकते. ती त्याची विचाराची भाषा होते. उरलेली भाषा सणासुदीची होते.

या शहरात मराठी नेहमी अशी मुकी नव्हती. हैदराबादच्या दखनीत कोणताही रिक्षावाला 'नक्को' म्हणतो. हा आपला 'नको' आहे. 'मैंच', 'ऐसाच' यांतला ठासून सांगणारा 'च' आपला आहे. विचार करा, मराठीने या शहराच्या भाषेला काय दिले? नकार द्यायचा शब्द आणि ठामपणे सांगायचा प्रत्यय. दोन्ही संवादातली हत्यारे आहेत. बाजारात, कचेरीत, भांडणात मराठी माणूस उलट बोलत होता, म्हणूनच हे शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेले. १९०७ मध्ये विवेक वर्धिनीची स्थापना करणाऱ्या पिढीला उर्दूच्या राज्यात मराठी शाळा का हवी होती, याचेही उत्तर बहुधा हेच असेल.

मग परस्परसंवादी माध्यमे मराठीत आणायची म्हणजे काय करायचे? बटणांवरच्या शब्दांचे भाषांतर केले की झाले, असा समज आहे. तो किती अपुरा आहे हे मला वर्गात कळले. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मी फाट्यांची गोष्ट लिहायला सांगितली होती. वाचकाने निवड करायची आणि गोष्ट त्याप्रमाणे वळायची. एका गटाने वेताळ पंचविशीचा साचा घेतला. वाचक हाच विक्रम. पहिले वाक्य त्यांनी लिहिले: 'तू स्मशानात आलास.' मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, वाचणारी मी आहे. मी 'आलीस' हवी ना?"

सगळा वर्ग तासभर त्या एका क्रियापदावर अडकला. इंग्रजीत वाचकाला उद्देशून लिहिताना हा प्रश्न उद्भवत नाही. मराठीत 'आलास' की 'आलीस', 'जातोस' की 'जातेस', हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. मग विद्यार्थ्यांनी वाटा शोधल्या. कर्माप्रमाणे चालणारे क्रियापद घेतले तर अडचण सुटते: 'तू दार उघडलंस' हे दोघांनाही चालते. भविष्यकाळात सुटते: 'तू आत जाशील.' आज्ञार्थात सुटते: 'पुढे हो.' विध्यर्थात सुटते: 'तू आता बोलावंस.' आणि एकाने सांगितले, 'तुम्ही' वापरा, 'तुम्ही आलात' यात स्त्री-पुरुष भेद उरत नाही. खरेच आहे. आपल्या भाषेत आदर दिला की लिंगाचा प्रश्न मिटतो. पण दहा वर्षांच्या मुलीला वेताळ 'तुम्ही आलात' म्हणाला तर ती घाबरणार नाही, हसेल! जवळीक हवी तर लिंग विचारावे लागते, लिंग टाळायचे तर अंतर ठेवावे लागते. हा पेच मराठीचा आहे. तो परदेशातला अभियंता सोडवणार नाही, भाषांतराचे यंत्रही सोडवणार नाही. तो लेखकाने सोडवायचा आहे. आणि तो सोडवताना मराठी गद्याची एक नवी शैली जन्माला येईल, असे मला वाटते. कादंबरी आली तेव्हा असेच झाले होते. निवेदक कोणत्या काळात आणि कोणाशी बोलणार, हे आपल्या लेखकांना नव्याने ठरवावे लागले होते.

दुसरा प्रश्न यंत्राच्या कानाचा. २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलून मजकूर लिहिता येऊ लागला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. इथल्या आयआयआयटीत भारतीय भाषांच्या यंत्रभाषांतरावर अनेक वर्षे काम चालू आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण यंत्र तीच मराठी ओळखते, जी त्याला पुरेशी ऐकवली गेली आहे. 'काय करायलास?' असे विचारणारा नांदेडचा किंवा आदिलाबादचा मुलगा त्याला नीट ऐकू येईल का? यंत्राने दोनदा चुकीचे ऐकले की मूल तिसऱ्यांदा भाषा बदलते. ते तक्रार करीत नाही, रुसत नाही. सरळ इंग्रजीत किंवा हिंदीत बोलते. भाषा सुटण्याचा हा नवा, अगदी निःशब्द मार्ग आहे. यावर उपाय आपल्या हातात आहे. मोझिला संस्थेचा 'कॉमन व्हॉइस' हा खुला संग्रह आहे. तिथे कोणालाही मराठी वाक्ये आपल्या आवाजात वाचून देता येतात आणि ती सर्वांना मोफत वापरता येतात. तिथे पुण्याबरोबर परभणीही ऐकू यायला हवी, आणि हैदराबादही.

एक सावधगिरीचा मुद्दा सांगतो. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलिझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम लिहिला. माणसाने टंकलेल्या वाक्यातलेच शब्द फिरवून तो प्रश्न विचारी. एवढ्यावर लोक त्याच्याशी मनातले बोलू लागले, आणि हे पाहून त्याचा निर्माताच अस्वस्थ झाला. आजची यंत्रे एलिझापेक्षा फार पुढे गेली आहेत आणि मराठीतही बोलतात. पण ऐकल्यासारखे करणे आणि ऐकणे यांतला फरक तसाच आहे. यंत्र दमत नाही, रागावत नाही, त्याला आपले म्हणणे पटले नाही म्हणून ते उठून जात नाही. मुलाला खरा संवादी हवा, जो कधी 'नको' म्हणेल. तो माणूसच असेल. परस्परसंवादी माध्यमाने माणसांमधला संवाद वाढवला तर ते कामाचे. नारळीकरांच्या पोस्टकार्डाने हेच केले होते.

वेताळाची अट सर्वांना ठाऊक आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. उत्तर माहीत नसेल तर गप्प राहायला हरकत नाही. शिक्षा आहे ती ठाऊक असूनही न बोलण्याला. ऐकण्याची मराठी ज्यांच्याजवळ आहे, पण जे तिच्यात बोलत नाहीत, अशा मुलांचा मी विचार करतो तेव्हा मला ही अट आठवते. फक्त दोष राजाचा नाही. आपण वेताळासारखा प्रश्नच विचारत नाही.

म्हणून शेवटी तीन विनंत्या. लेखकांना : एक तरी गोष्ट अशी लिहा, जिचा पुढचा भाग वाचकाच्या उत्तरावर अवलंबून आहे. ट्वाइनसारखी साधने मोफत आहेत, देवनागरी चालते, आणि साधन नको असेल तर वही आणि पानांचे क्रमांक पुरतात. शिक्षकांना : 'कवितेचा आशय लिहा' या प्रश्नासोबत एक प्रश्न असा द्या, ज्याचे उत्तर तुम्हालाही माहीत नाही. विद्यार्थ्यांना : आपला आवाज, आपल्या गावची बोली, आपली दुरुस्ती खुल्या संग्रहांत आणि विकिपीडियावर द्या. भाषेच्या संस्थांनी शब्दकोशांइतकेच महत्त्व आवाजांच्या संग्रहाला द्यावे आणि परस्परसंवादी कथालेखनाच्या कार्यशाळा भरवाव्यात, असेही मी या व्यासपीठावरून सुचवतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याला आनंद झाला, आणि व्हायलाच हवा. तो दर्जा भाषेच्या वयासाठी आहे. तिच्या पुढच्या आयुष्याची खूण मात्र छोटी आहे. घरातले मूल फोनवरचा खेळ खेळताना, हरताना, चिडताना, पुढची चाल ठरवताना स्वतःशी कोणत्या भाषेत पुटपुटते, ते ऐका. आज घरी गेल्यावर ऐका, आणि मग त्याला मराठीत असा एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'ओके' असू शकत नाही.

आता प्रश्न विचारा. नाहीतर हे व्याख्यानही ध्वनिप्रकाश कार्यक्रमच ठरेल.